घरातली सायकल घेण्याआधी

कुठल्याही सोसायटीच्या आवारात उभे राहून वर नजर टाकली, तर एखाद्या तरी गॅलरीत ती दिसतेच. आधी हॉलमध्ये मानाने ठेवलेली, मग बेडरूमच्या कोपऱ्यात सरकलेली आणि शेवटी टॉवेल वाळत घालण्याच्या कामी आलेली व्यायामाची सायकल. ती बहुधा जानेवारीत घेतलेली असते, नाहीतर घरात कुणाचा तरी साखरेचा रिपोर्ट बिघडून आला त्या आठवड्यात. घेताना उत्साह खरा असतो, पैसेही कष्टाचे असतात. तरीही काही महिन्यांत ती का थांबते, याचे उत्तर ‘आळस’ या एका शब्दात दिले जाते. बऱ्याचदा ते उत्तर चुकीचे असते.

पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहिणीचे उदाहरण घ्या. उंची चार फूट अकरा इंच, वजन बहात्तर किलो, नुकताच कळलेला मधुमेह आणि जिना उतरताना दुखणारे गुडघे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, पण चालले की संध्याकाळी गुडघा सुजायचा. मुलाने हौसेने ऑनलाइन सायकल मागवली. मोठा स्क्रीन, पुढे-मागे हलणारी हँडल, सगळे होते. मात्र सीट सर्वांत खालच्या खाचेत आणूनही पेडल तळाला गेले की त्यांचा पाय पुरत नव्हता. प्रत्येक फेरीत कंबर डावी-उजवीकडे झुलायची. आठवडाभरात कंबर आणि गुडघ्याची मागची बाजू दुखू लागली आणि पंधराव्या दिवशी सायकल बंद पडली. ‘मला सायकल मानवत नाही,’ असे त्यांनी सर्वांना सांगून टाकले. वास्तविक सायकलीचा व्यायाम त्यांच्यासाठी अगदी योग्य होता. त्यांना मानवले नव्हते ते त्यांच्या मापाचे नसलेले यंत्र.

औषधाचे नाव बरोबर असून मात्रा चुकली तर जे होते, तेच इथे होते. म्हणून घरातली सायकल निवडताना स्क्रीन, सवलत आणि रंग यांच्या आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. ती आपल्या मापाची आहे का, तिच्या पेडलवरचा जोर थोडाथोडा कमी-जास्त करता येतो का, आणि आपल्या तब्येतीला कोणत्या प्रकारची सायकल झेपेल.

व्यायाम कमी पडतो आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नाहीत आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे. दुसरीकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचे सांगितले. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे.

चालणे हा सर्वांत स्वस्त आणि सोपा व्यायाम आहे, यात शंका नाही. ज्यांना रोज अर्धा-पाऊण तास मोकळ्या जागेत चालता येते, गुडघे साथ देतात आणि कंटाळा येत नाही, त्यांनी सायकलीवर खर्च करण्याची गरज नाही. पण प्रत्येकाची परिस्थिती तशी नसते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आज सकाळी रस्त्यावर सायकल काढताना माणूस दोनदा विचार करतो. मुंबई-कोकणात पावसाचे चार महिने चालणे सारखे मोडते. उखडलेले पदपथ, भटकी कुत्री, धुरकट हवा आणि पहाटे एकट्या स्त्रीने बाहेर पडण्यातली धास्ती या अडचणी खऱ्या आहेत. अशा घरात सायकल उपयोगी पडते.

गुडघ्यांच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि जिना उतरताना त्याहून जास्त. बेताच्या जोराने सायकल चालवताना हा भार साधारण वजनाइतका किंवा त्याहून थोडा अधिक असतो, कारण शरीराचे ओझे सीट पेलते. त्याच वेळी मांडीच्या पुढचा मोठा स्नायू काम करत राहतो आणि गुडघ्याला आधार देणारा मुख्य स्नायू तोच आहे. मधुमेहात आणखी एक लाभ होतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटे हलके पेडल मारले, तरी जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते.

सायकलीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. बसून केलेल्या या व्यायामात हाडांवर फारसा भार पडत नाही. त्यामुळे हाडे बळकट करण्यासाठी ती पुरेशी नाही आणि तोल सांभाळण्याचा सरावही तिच्यावर होत नाही. पाळी गेलेल्या स्त्रिया आणि साठीपुढच्या सर्वांनी सायकलीच्या जोडीला थोडे चालणे, खुर्चीवरून उठ-बस आणि हलकी वजने उचलणे ठेवायलाच हवे.

पेडलला अडवते कोण?

दुकानात सगळ्या सायकली वरून सारख्या दिसतात. त्यांच्यातला खरा फरक चाकाला अडवण्याच्या पद्धतीत असतो. पेडल मारताना जो विरोध जाणवतो, ज्याला जिममध्ये ‘रेझिस्टन्स’ म्हणतात, तो तीन प्रकारे निर्माण केला जातो.

पहिला प्रकार घर्षणाचा. चाकावर नमद्याचा किंवा चामड्याचा तुकडा दाबला जातो, किंवा चाकाभोवतीचा पट्टा घट्ट केला जातो. ही रचना स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असते. मात्र तुकडा झिजतो, आवाज येतो आणि तापल्यावर जोर बदलतो. काल ज्या खुणेवर पेडल हलके वाटले, तिथेच आज जड वाटू शकते.

दुसरा प्रकार चुंबकाचा. धातूचे चाक चुंबकाजवळून फिरले की त्या धातूत विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते चाकाच्या गतीला विरोध करतात. चुंबक चाकाला टेकत नाही, त्यामुळे झीज नाही आणि आवाजही कमी. हे तत्त्व नवे नाही. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये विद्युतचुंबकाने अडवली जाणारी सायकल प्रयोगशाळेसाठी बनवली होती. माणूस किती काम करतो आणि त्यासाठी किती प्राणवायू वापरतो, हे त्यांना मोजायचे होते. पुढे १९२० मध्ये त्यांना केशवाहिन्यांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आज हृदयरोगानंतरच्या पुनर्वसनात, दम्यासारख्या आजारांत आणि काही देशांत स्ट्रेस टेस्टसाठी वापरली जाणारी सायकल त्याच घराण्यातली आहे. तिथे सायकलीला महत्त्व मिळाले ते एका गुणामुळे: कामाचा भार मोजून देता येतो आणि पायरीपायरीने वाढवता येतो. घरासाठी सायकल घेतानाही हाच गुण शोधायचा असतो.

तिसरा प्रकार हवेचा. पुढच्या चाकाला पंख्याची पाती असतात. जितक्या जोरात पेडल माराल तितकी हवा अधिक अडवते. इथे एक बारकावा आहे. पंखा फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला तर लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. तरुण खेळाडूला यात मजा येते. उत्साहाच्या भरात वेग वाढवणाऱ्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या माणसाला मात्र आपण किती पुढे गेलो हे कळायच्या आत दम लागतो.

सर्वसाधारण घरासाठी हाताने फिरवायचे बटण असलेली, आठ किंवा अधिक टप्प्यांची चुंबकाची सायकल हा सहसा समजूतदार पर्याय ठरतो. दुकानात पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत बटण फिरवून पेडल मारून पाहावे. पहिला टप्पा खरोखर हलका हवा आणि प्रत्येक टप्प्याला फरक जाणवायला हवा. काही यंत्रांत पहिले चार टप्पे सारखेच लागतात आणि पाचव्याला पाय अडकतो. अशा यंत्रावर मात्रा ठरवता येत नाही.

कोणासाठी कोणती?

उभ्या बैठकीची साधी सायकल सर्वांत जास्त विकली जाते. ती जागा कमी घेते आणि ज्यांची पाठ, मान व तोल ठीक आहे अशा बहुतेकांना चालते.

पाठीला टेका असलेल्या, पाय पुढे पसरून चालवायच्या सायकलीवर खुर्चीसारखे बसता येते. तिच्यात चढ-उतार सोपा असतो, मनगटांवर आणि मानेवर भार येत नाही, पडण्याची भीती कमी असते. कंबरदुखी, जास्त वजन, पार्किन्सन्स किंवा अर्धांगवायूनंतरचा अशक्तपणा असलेल्यांनी आणि सत्तरीपुढच्यांनी आधी हिचा विचार करावा. तिला लांबीची जागा लागते आणि किंमतही थोडी जास्त असते.

स्पिन बाइक म्हणजे जड चाकाची, पुढे वाकून चालवायची सायकल. तिच्यावर उभे राहूनही पेडल मारता येते. तिची सीट आणि हँडल दोन्ही वर-खाली व पुढे-मागे सरकतात, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु बहुतेक स्पिन बाइकमध्ये पेडल आणि चाक एकमेकांना जोडलेले असतात. पाय थांबवले तरी जड चाक पेडलला फिरवतच राहते. अचानक पाय काढला तर पेडल नडगीवर आदळू शकते. चाक थांबवण्याची खटकी कुठे आहे, हे बसण्याआधी माहीत हवे. आधीपासून व्यायामाची सवय असलेल्यांसाठी ही सायकल चांगली; साठीत पहिल्यांदाच व्यायाम सुरू करणाऱ्यासाठी ती पहिली निवड नव्हे.

हात आणि पाय दोन्ही चालणाऱ्या सायकलीत काम अधिक स्नायूंत विभागले जाते. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा त्रास अधिक आढळतो. ज्यांना तो आहे त्यांनी हँडल स्थिर ठेवून केवळ पाय चालवता येतात का, हे आधी तपासावे.

खुर्चीपुढे जमिनीवर ठेवायचा छोटा पेडलसंच आजारपणातून उठलेल्यांना आणि वृद्धांना उपयोगी पडतो. धडधाकट माणसाच्या हृदयाला त्यातून पुरेसे काम मिळत नाही. तो वापरताना चाके असलेली खुर्ची नको, आणि संच घसरू नये म्हणून खाली रबरी चटई हवी.

ज्यांच्याकडे रस्त्यावर चालवायची चांगली सायकल आहे, त्यांना ट्रेनर स्टँड घेता येतो. मागचे चाक एका रुळावर टेकवून, किंवा ते काढून थेट साखळी जोडून सायकल घरात चालवता येते. सीट आधीच आपल्या मापाची असते, हा याचा फायदा. नियमित सायकलिंग करणारे पावसाळ्यात हाच मार्ग धरतात. ‘स्मार्ट’ ट्रेनर स्वतः जोर बदलतो आणि आपण किती वॅट काम केले ते दाखवतो, पण त्याची किंमत चांगल्या सायकलीइतकी असू शकते. साध्या काळ्या सायकलीचा मागचा आस अशा स्टँडमध्ये बसेलच असे नाही. त्यामुळे सायकल दुकानात नेऊन, जोडून पाहूनच पैसे द्यावेत.

टेप घेऊन दुकानात जा

इतर सर्व गोष्टी जमल्या आणि सीट चुकली, तर सायकल बंद पडते. त्यासाठी घरून एक माप घेऊन निघावे. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, दोन मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक वर जांघेपर्यंत दाबून धरायचे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यायचे. दुकानात सीट सर्वांत खाली आणायची, पेडल तळाला न्यायचे आणि पेडलच्या वरच्या पृष्ठभागापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंतचे अंतर मोजायचे. हे दुसरे माप पहिल्यापेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर ती सायकल तुमच्यासाठी उंच आहे. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या स्त्रियांना हा अनुभव वारंवार येतो. घरातले उंच सदस्यही तीच सायकल वापरणार असतील, तर सर्वांत वरच्या खाचेतही तपासणी करावी.

त्यानंतर बसून पाहायचे. सीटवर सरळ बसून तळाच्या पेडलवर टाच ठेवली की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा, साधारण २५ ते ३५ अंशांचा, वाक उरतो. हा वाक योग्य समजावा. मागे उभ्या असलेल्या माणसाला आपली कंबर डोलताना दिसत असेल, तर सीट उंच आहे.

दुखणेही चूक कुठे झाली ते सांगते. गुडघ्याच्या वाटीभोवती, पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा जोर जास्त लावला आहे. गुडघ्यामागे दुखत असेल तर सीट बहुधा उंच आहे. तळहातांना मुंग्या येत असतील तर हँडल फार खाली किंवा दूर आहे. जांघेत बधिरपणा आला तर सीटचे टोक वर उचललेले नाही ना, हे पाहावे आणि दर दहा मिनिटांनी क्षणभर सीटवरून उठावे. तरीही बधिरपणा येत राहिला तर सीट बदलावी, तो सोसत राहू नये. मऊ गादीची रुंद सीट नेहमी आरामाचीच असते असे नाही. फार रुंद सीट मांड्यांना घासते.

यंत्रावर लिहिलेली वजनाची मर्यादाही वाचावी. आपले वजन त्या आकड्याच्या अगदी जवळ असेल तर त्याहून दणकट यंत्र घ्यावे. बसून जोरात पेडल मारताना सांगाडा हलतो का आणि पाया जमिनीवरून उचलतो का, हे दुकानातच कळते.

स्क्रीनवरचे आकडे

स्क्रीनवरच्या कॅलरी पाहून खूश होणारे पुष्कळ असतात. अनेक स्वस्त यंत्रे या कॅलरी फक्त पेडलच्या फेऱ्यांवरून काढतात. बसणाऱ्याचे वजन किती आणि पेडलवर जोर किती, याची त्यांना कल्पना नसते. त्यामुळे पहिल्या टप्प्यावर नुसते पाय फिरवणाऱ्याला आणि सहाव्या टप्प्यावर घाम गाळणाऱ्याला ते सारखाच आकडा दाखवू शकतात.

खरा हिशेब वॅटमध्ये होतो. समजा, एखाद्याने ५० वॅटच्या भाराने अर्धा तास सायकल चालवली. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते, म्हणजे खर्च झालेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. या हिशेबाने अर्ध्या तासात साधारण पंच्याऐंशी ते एकशे दहा कॅलरी खर्च होतात. एका वडापावातून साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी मिळतात. वजन उतरवायचे असेल तर ताटाकडे पाहणे चुकत नाही, ते यासाठी. सायकलीचा मोठा लाभ हृदय, रक्तदाब, साखर, झोप आणि मन यांना होतो. वजनाचा काटा फारसा हलला नाही तरी हा लाभ मिळत असतो.

हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या नाडीचा अंदाज देतात, पण हात घामेजले किंवा पकड सुटली की आकडा भरकटतो. ‘२२० वजा वय’ हे सूत्रही ढोबळ आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोलसारखी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांत नाडी औषधामुळेच कमी राहते. त्यांनी त्या सूत्राचा पाठलाग केला तर शरीराला झेपणार नाही इतका जोर लावला जाईल. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी भरवशाची. पेडल मारताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम म्हणजे मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोरकस व्यायाम झाला.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

छातीत दुखणे किंवा दडपण, थोड्या श्रमाने दम, चक्कर, छातीत अकारण धडधड यांपैकी काही होत असेल, तर सायकलीच्या दुकानाआधी दवाखाना गाठावा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी, झडपांचा आजार असलेल्यांनी आणि अनेक वर्षांचा मधुमेह असूनही कधीच व्यायाम न केलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून, गरज असल्यास तपासणी करून सुरुवात करावी. विश्रांतीत रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल, तर आधी तो आटोक्यात आणावा. अंगात ताप असताना किंवा कडक विषाणुज्वरानंतरच्या थकव्यात व्यायाम थांबवावा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. सुरुवातीचे काही दिवस आधी साखर मोजावी. १००च्या खाली असेल तर थोडे खाऊन मग बसावे आणि हाताशी साखर ठेवावी. हात थरथरणे, दरदरून घाम आणि भोवळ ही लक्षणे व्यायामाच्या थकव्यासारखीच वाटतात, इथेच फसगत होते. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या झालेल्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जोर लावू नये. पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी पेडल मारू नये आणि व्यायामानंतर तळवे पाहावेत.

एक धोका फारसा माहीत नसतो. पूर्वसराव नसताना पहिल्याच दिवशी स्पिनिंगच्या वर्गात तासभर जोर लावल्याने मांड्यांचे स्नायू मोठ्या प्रमाणात फुटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. २०१७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’नेही त्यावर लेख छापला. फुटलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. अशा व्यायामानंतर एक-दोन दिवसांत मांड्या असह्य दुखू लागल्या, सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर वेदनाशामक गोळी घेऊन घरी पडून राहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. वेदनाशामक गोळ्यांपैकी काही मूत्रपिंडांचे नुकसान वाढवतात.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात दहा-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, हलक्या टप्प्यावर. मिनिटाला ६० ते ७० फेऱ्या पुरेत. दुसऱ्या आठवड्यात पंधरा, तिसऱ्यात वीस-पंचवीस आणि महिनाअखेर सलग तीस मिनिटे. आठवड्यातून पाच दिवस असे केले की १५० मिनिटे भरतात. आधी वेळ वाढवावा, नंतर टप्पा. जड टप्प्यावर हळूहळू पाय रेटण्यापेक्षा हलक्या टप्प्यावर थोडे जलद फिरवणे गुडघ्यांना सोसते. शेवटची तीन-चार मिनिटे वेग उतरवत न्यावा. एकदम थांबून उभे राहिल्यास पायांत साठलेल्या रक्तामुळे रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते.

घरात सायकल चालवताना समोरून वारा येत नाही. मुंबईसारख्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर तापते. म्हणून पंखा समोर हवा आणि पाण्याची बाटली हाताशी. सायकल अडगळीत ठेवली तर वापर थांबतो. जिथे रोज सहज दिसेल, टीव्ही किंवा रेडिओ जवळ असेल, तिथे ती असावी. खाली जाड रबरी चटई टाकली तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचीही झोप शाबूत राहते.

लहान मुले असलेल्या घरात जास्त जपावे लागते. फिरत्या चाकात किंवा साखळीत बोटे जाऊन ती तुटल्याच्या दुखापती वैद्यकात अनेक वर्षांपासून नोंदल्या गेल्या आहेत. चाक आणि पट्टा पूर्ण झाकलेलीच सायकल घ्यावी आणि वापर झाल्यावर जोराचे बटण सर्वांत घट्ट करून ठेवावे.

पैसे देण्याआधी

शक्य असेल तर आधी ओळखीच्या घरी, फिजिओथेरपिस्टकडे किंवा जिममध्ये आठवडाभर त्या प्रकारच्या सायकलीवर बसून पाहावे. दुकानात निदान दहा मिनिटे पेडल मारावे. दोन मिनिटांत कोणतीच सीट टोचत नाही. ऑनलाइन घ्यायची असेल तर सीटची किमान उंची, वजनाची मर्यादा, परत करण्याची मुदत आणि गावात दुरुस्ती करणारा आहे का, हे आधी विचारावे. वापरलेल्या सायकलींच्या बाजारात पुष्कळ यंत्रे जवळजवळ नवी मिळतात. माप आणि सांगाडा ठीक असेल तर त्यात कमीपणा काही नाही. मोठा स्क्रीन आणि अ‍ॅप यांवरचे पैसे वाचवून ते दणकट सांगाडा आणि सरकणारी सीट यांवर घालावेत.

आणि ज्यांच्या गॅलरीत सायकल आधीच उभी आहे, त्यांनी नवी घेण्याआधी टॉवेल काढून तिच्यावर एकदा टाचेची कसोटी करून पाहावी. कधी सीट दोन खाचा खाली आणल्याने काम भागते. सुरुवातीला उल्लेख केलेल्या गृहिणीसारख्या कमी उंचीच्या व्यक्तीला मात्र खाचा संपल्यावर पर्याय उरत नाही. तिच्यासाठी पाठीला टेका असलेली, सीट पुढे सरकणारी सायकल योग्य. त्यावर दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटे आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे, पहिल्या टप्प्यावर. तीन महिन्यांनी साखरेचा पुढचा रिपोर्ट येईल, तेव्हा निवड बरोबर होती का ते स्क्रीनपेक्षा तो कागद नेमके सांगेल.